निविदा भरून झाली, आता दोनदा बसायचं

निविदा अपलोड होते ती बहुतेक वेळा शेवटच्या दोन तासांत. पोर्टल रेंगाळत असतं, डिजिटल सहीचं टोकन ऐन वेळी चालत नाही, आणि एकदाची पोचपावती हाती आली की टीम पांगते. दुसऱ्या दिवसापासून सगळे पुढच्या निविदेला लागतात. निकाल लागेपर्यंत महिना-दोन महिने गेलेले असतात. काम मिळालं तर पेढे येतात, गेलं तर ‘आपला रेट जास्त पडला’ एवढ्यावर विषय मिटतो. मला हे वाक्य फार घातक वाटतं. कधी ते खरं असतं, कधी नसतं, पण एकदा ते उच्चारलं की पुढे कुणी काही विचारत नाही. एवढ्या मेहनतीतून जे शिकता आलं असतं, ते तिथेच बुडतं.

ते बुडू नये म्हणून जी बैठक घेतात तिला या धंद्यात डीब्रीफ म्हणतात. काय ठरलं होतं, काय झालं आणि का झालं, हे बसून तपासायचं. निविदेच्या बाबतीत हे दोन जागी करावं लागतं: एकदा आपल्या टीमबरोबर आणि एकदा ग्राहकाकडे, म्हणजे ज्यांनी निविदा काढली त्यांच्याकडे. हे दोन्ही करणाऱ्या कंपन्याही एका गोष्टीत चुकतात. टीमची बैठक निकाल लागल्यानंतर घेतात. ती निकालाच्या आधी व्हायला हवी, निविदा भरल्यापासून आठवडाभरात.

याचं कारण माणसाच्या आठवणीत आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन चीनच्या आणि नंतर सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले. त्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते. अमुक भेट होईल का, तमुक गोष्ट जाहीर होईल का, प्रत्येकाची शक्यता किती टक्के? दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही कोणता आकडा दिला होता ते आठवून सांगा. ज्या गोष्टी घडल्या असं त्यांना वाटत होतं, त्यांची शक्यता आपण आधीच जास्त सांगितली होती, असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे आठवत होतं. १९७५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निकाल कळला की मन मागची आठवण त्या निकालाला जुळवून घेतं, आणि ‘मला वाटतच होतं’ हे वाक्य खोटं न बोलताही तोंडून निघतं.

निविदेत नेमकं हेच होतं. काम गेलं की प्रत्येकाला आठवतं, आपण दराबद्दल शंका काढली होती. काम मिळालं की कुणालाच आठवत नाही की शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेत नंतर केलेल्या बदलांची सूचना, शेवटच्या दिवशी वाचलं आणि एक परिशिष्ट थोडक्यात राहता राहता जोडलं गेलं. जिंकलेल्या निविदेतल्या चुका तर कायमच्या झाकल्या जातात. म्हणून निकालाने आठवण रंगवण्याआधी बसायचं.

या पहिल्या बैठकीला ज्यांनी हाताने काम केलं ते सगळे हवेत. दर काढणारा हवा, साइट पाहून आलेला इंजिनीअर हवा, प्रमाणपत्रं आणि शपथपत्रं गोळा करणारी मुलगी हवी, ईएमडीसाठी, म्हणजे निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेसाठी, बँकेत खेटे घालणारा अकाउंट्सचा माणूस हवा. आपल्याकडे साहेब आधी बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात, त्यामुळे साहेबांनी शेवटी बोलायचं हा नियम आधीच सांगून ठेवावा. अमेरिकी सैन्याने कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विन इथे १९८०च्या दशकात लढाईच्या सरावानंतर अशा बैठका घ्यायला सुरुवात केली. ज्या संस्थेत हुद्द्याला सर्वांत जास्त मान, तिथेसुद्धा या बैठकीपुरता हुद्दा बाजूला ठेवावा लागतो, कारण त्याशिवाय खालच्या माणसाला दिसलेली गोष्ट वर पोचत नाही. तिथले प्रश्नही साधे आहेत: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं.

निविदेत हे प्रश्न अगदी बारीक होऊन उतरतात. निविदा प्रसिद्ध झाली त्या दिवसापासून आपण किती दिवस वाया घालवले? प्री-बिड बैठकीत, म्हणजे निविदा भरण्याआधी ग्राहक शंका ऐकून घेतो त्या बैठकीत, कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, आणि मग त्या जागी आपण काय गृहीत धरलं? पुरवठादारांचे दर लेखी आले होते का, की फोनवर? अनुभवाचा दाखला मागच्या निविदेतला जसाच्या तसा उचलला का, आणि या ग्राहकाने मागितलेली भाषा त्यात होती का? बँक गॅरंटीचा मसुदा कुणी वाचला? शेवटच्या दिवशी दर कुणी आणि कशाच्या आधारावर बदलला? हा शेवटचा प्रश्न अवघड असतो, कारण तो बदल बहुधा खोलीतल्या सर्वांत वरिष्ठ माणसाने केलेला असतो. पण तो विचारायलाच हवा, कारण तीन आठवडे काढलेला दर दहा मिनिटांत का बदलला हे महिन्याभराने कुणालाही सांगता येत नाही.

बैठक संपण्यापूर्वी एक काम जरूर करावं. प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: तांत्रिक गुण, म्हणजे दर सोडून प्रस्तावाच्या गुणवत्तेचे गुण, किती मिळतील, दरात आपण कितवे असू, आणि काम गेलं तर कशामुळे जाईल. कागद गोळा करून, पाकिटात घालून ठेवून द्यायचे. निकालानंतर हे पाकीट उघडणं हा सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा भाग आहे. आपला अंदाज कुठे चुकतो हे त्यातून दिसतं, आणि तो दर वेळी एकाच दिशेने चुकत असेल तर तेही दिसतं.

निकाल लागल्यावर लगेच फोन उचलू नका. आधी जे उघड आहे ते वाचा. महाराष्ट्र सरकारच्या महाटेंडर्ससारख्या ई-निविदा पोर्टलवर भाग घेतलेल्यांना तांत्रिक छाननीचा निकाल दिसतो, आणि आर्थिक लिफाफा, म्हणजे दरांचा भाग, उघडल्यावर सगळ्यांच्या दरांचा तुलनात्मक तक्ताही दिसतो. जी माहिती पोर्टलवर पडून आहे ती अधिकाऱ्याला विचारायला जाणं म्हणजे त्यांचा वेळ आणि आपली पत, दोन्ही घालवणं.

जिथे फक्त सर्वांत कमी दराला काम जातं तिथे हा तक्ताच बरंचसं सांगतो. पण सल्लागार सेवांमध्ये, आणि २०२१पासून केंद्र सरकारच्या काही बांधकामांतही, गुणवत्ता आणि दर मिळून निवड करता येते. या पद्धतीला क्यूसीबीएस म्हणतात. इथे हरण्याचं कारण डोळ्यांना दिसत नाही, गणित मांडावं लागतं.

समजा, तांत्रिक गुणांना ७० टक्के वजन आहे आणि दराला ३०. आपले तांत्रिक गुण ७८, दर ४२ लाख. दुसऱ्या कंपनीचे गुण ८६, दर ४८ लाख. तिसरी कुणी स्पर्धेत नाही असं धरू. दराचे गुण काढताना सर्वांत कमी दराला १०० मिळतात, बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी. म्हणजे आपल्याला १००, त्यांना ४२ भागिले ४८, म्हणजे ८७.५. आता एकूण बेरीज. आपली: ७८ चे ७० टक्के म्हणजे ५४.६, अधिक १०० चे ३० टक्के म्हणजे ३०, एकूण ८४.६. त्यांची: ६०.२ अधिक २६.२५, एकूण ८६.४५. आपला दर सहा लाखांनी कमी असूनही काम त्यांना गेलं.

आता खरा प्रश्न: काय केलं असतं तर काम मिळालं असतं? तांत्रिक गुण ७८ ऐवजी ८१ असते तर आपली बेरीज ८६.७ झाली असती आणि आपण पुढे गेलो असतो. म्हणजे तीन गुण. आणि गुण तेवढेच ठेवून फक्त दर कमी केला असता तर? गणित मांडलं की उत्तर येतं ३९ लाखांच्या आसपास, म्हणजे आणखी तीन लाख सोडावे लागले असते. तीन गुण कदाचित एका योग्य माणसाच्या बायोडेटाने किंवा कामाचं वेळापत्रक नीट मांडल्याने आले असते. तीन लाख मात्र सरळ नफ्यातून गेले असते. असं गणित टीमपुढे ठेवलं की ‘रेट जास्त पडला’ हे वाक्य आपोआप गळून पडतं, आणि ग्राहकाला नेमकं काय विचारायचं तेही कळतं: हे तीन गुण कुठे गेले?

यानंतर ग्राहकाकडे जायचं. पण ग्राहकाने आपल्याला कारणं सांगावीत असा काही नियम आहे का? काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नुसतं सौजन्य आहे.

केंद्र सरकारच्या खरेदीला सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. त्यांतला नियम १७३ सांगतो की बोलीदाराला निविदेच्या अटी, प्रक्रिया किंवा आपली बोली नाकारणं यांबद्दल प्रश्न विचारता यावा अशी तरतूद निविदेत हवी, आणि बोलीदाराने विचारणा केली तर नाकारण्याची कारणं सांगितलीच पाहिजेत. हे फार लोकांना माहीत नसतं. राज्य सरकार आणि महापालिकांची खरेदी त्यांच्या शासन निर्णयांनुसार आणि नियमांनुसार चालते, त्यामुळे तिथे निविदा दस्तऐवजातलंच कलम शोधावं.

जागतिक बँकेच्या पैशातून होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या खरेदीत हे जास्त नेटकं बांधलेलं आहे. कुणाला काम द्यायचा विचार आहे हे सगळ्या बोलीदारांना कळवतात आणि त्यानंतर साधारणपणे कामकाजाचे १० दिवस करार न करता थांबतात. पत्र मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत हरलेल्या कंपनीने डीब्रीफ मागितलं, तर विनंती मिळाल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत ते द्यावं लागतं. तीन दिवसांनी जाग आली तरी माहिती मागता येते, पण करार आपल्यासाठी थांबत नाही. महाराष्ट्रात पोकरा किंवा स्मार्ट अशा शेतीविषयक सरकारी प्रकल्पांना जागतिक बँकेचं अर्थसाहाय्य मिळालं आहे, म्हणून इथल्या कंपन्यांनाही हे नियम ओळखीचे असायला हवेत. कोणत्या निविदेला कोणती मुदत हे मात्र त्या त्या दस्तऐवजात पाहावं.

करार करायला थांबायचं कशाला, असं वाटू शकतं. ऑस्ट्रियात १९९६ मध्ये महामार्गांवरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचं एक कंत्राट दिलं गेलं आणि त्याच दिवशी करारही झाला. दाद मागायला बाकीचे पोचले तेव्हा सांगण्यात आलं की आता करार झाला, निवड रद्द करता येणार नाही. १९९९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की निवड आणि करार यांच्या मध्ये दाद मागायला जागा असलीच पाहिजे. अल्काटेल या कंपनीच्या नावाने हा निकाल ओळखला जातो. युरोपात आज जो थांबण्याचा काळ आहे तो यातून आला. हरलेल्या कंपनीने लेखी मागणी केली की १५ दिवसांत कारणं द्यायची असंही तिथे बंधन आहे.

आपल्याकडे माहिती अधिकाराचा रस्ताही आहे. २००५च्या कायद्याचं कलम ४(१)(घ) तर असं सांगतं की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला स्वतःहून द्यावीत. दुसऱ्या कंपनीची व्यापारी गुपितं मात्र कलम ८(१)(घ) खाली सहसा मिळत नाहीत. माझं मत विचाराल तर हा रस्ता शेवटचा ठेवावा. आधी भेट मागावी, मग पत्र द्यावं, आणि दोन्हींना उत्तर नाही आलं तरच अर्ज करावा. पहिल्याच दिवशी अर्ज गेला की समोरचा अधिकारी ती फाइल वादाची धरतो आणि नंतर मोकळेपणाने बोलत नाही.

ग्राहकाकडे जाण्याआधी आपल्याशी एक गोष्ट स्पष्ट ठरवावी लागते: आपण शिकायला जातोय की तक्रार करायला? दोन्ही वैध आहेत. छाननीत खरोखर नियम मोडला असेल तर तक्रार जरूर करावी, मुदतीत करावी, आणि वकिलाला विचारून करावी. पण मग त्या भेटीला डीब्रीफ म्हणू नये. शिकायला म्हणून गेलो आणि दहाव्या मिनिटाला वाद घालायला लागलो, तर तो दरवाजा पुढच्या सगळ्या निविदांसाठी बंद होतो.

भेट मागताना सांगायचं एवढंच: ‘साहेब, निर्णयाबद्दल तक्रार नाही. पुढच्या वेळी प्रस्ताव चांगला देता यावा म्हणून वीस मिनिटं हवी होती.’ जागतिक बँकेसारखी ठरलेली मुदत नसेल तर भेट कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा आदेश, निघाल्यावर मागावी. छाननी चालू असताना अधिकाऱ्याने बोलणं योग्य नसतं आणि आपण विचारणंही योग्य नसतं. दोघांनी जावं. एकाने विचारावं, दुसऱ्याने लिहावं. प्रस्ताव ज्याने लिहिला त्याने शक्यतो विचारणारा होऊ नये, कारण टीका ऐकताना त्याचा जीव खालीवर होतो आणि तो समजावून सांगायला लागतो. ‘पण आम्ही ते पान ३२ वर दिलं होतं’ हे वाक्य त्या खोलीत उच्चारूच नये. पान ३२ वर देऊनही ते त्यांना दिसलं नाही, हीच तर आपल्याला हवी असलेली माहिती आहे.

प्रश्न आपल्याबद्दल विचारावेत. जिंकलेल्या कंपनीच्या प्रस्तावाशी मुद्देसूद तुलना करून सांगणं जागतिक बँकेच्या नियमांतही वर्ज्य आहे, आणि ते बरोबरच आहे. उद्या आपला प्रस्तावही कुणासमोर असाच उघडा पडू नये. कोणत्या निकषावर आमचे गुण कमी झाले, आमचं म्हणणं वाचून काय समजलं नाही, नेमलेल्या माणसांत कमी काय वाटलं, आम्ही पुन्हा आलो तर आधी काय सुधारून यावं, एवढं विचारता येतं.

खासगी ग्राहक असेल, म्हणजे एखादा बिल्डर, कंपनी किंवा शिक्षणसंस्था, तर कारण सांगायचं बंधन त्यांच्यावर नसतं. ते बहुधा ‘तुमचा रेट थोडा जास्त होता’ असंच म्हणतात, कारण यात कुणाचं मन दुखत नाही. अशा वेळी मी एक प्रश्न हमखास विचारतो: ‘दोघांचे दर सारखे असते तर तुम्ही आम्हालाच निवडलं असतं का?’ समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग खरं कारण बाहेर येतं. कधी सादरीकरणाला आलेली व्यक्ती प्रत्यक्ष कामावर असेल असा भरवसा वाटला नसतो, कधी आपल्याच जुन्या ग्राहकाने फोनवर काहीतरी सांगितलेलं असतं. त्या भेटीत दर कमी करण्याची तयारी मात्र दाखवू नये. सरकारी कामात बोली उघडल्यानंतरच्या वाटाघाटी नियमांनीच टाळायला सांगितल्या आहेत, आणि खासगी कामात आपला पहिला दर फुगवलेला होता असा त्याचा अर्थ लावला जातो.

स्पर्धक कंपन्यांबरोबरही असा आढावा घ्यावा असं काहींना वाटतं. चहावर भेटू, कोणी काय दर भरला ते बोलू. यापासून दूर राहा. संगनमताने बोली ठरवणं हा स्पर्धा कायदा, २००२च्या कलम ३ खाली गंभीर गुन्ह्याइतकाच महागात पडणारा प्रकार आहे, आणि मागच्या दरांवरच्या गप्पा पुढच्या दरांवर कधी सरकतात ते बोलणाऱ्यांनाही कळत नाही.

ग्राहकाची भेट झाल्यावर दोन दिवसांत टीमने पुन्हा बसायचं, आणि तेव्हा पाकीट उघडायचं. तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्या: निविदा भरल्यावर आपण काय म्हणालो, आकडे काय सांगतात, ग्राहक काय म्हणाला. तिन्ही जुळले तर कारण बहुधा पक्कं. जुळले नाहीत तर जिथे फट दिसते तिथेच वेळ घालवावा. सगळ्यांनी ८५ गुण लिहिले आणि मिळाले ७८, तर आपण स्वतःच्या प्रस्तावाचे परीक्षक म्हणून कच्चे आहोत. पुढच्या वेळी भरण्याआधी बाहेरच्या एका माणसाला निकष देऊन गुण द्यायला लावावेत.

काम मिळालं तरी हे सगळं करायचं, आणि मी तर म्हणेन तेव्हा जास्त लक्ष देऊन करायचं. समजा, अंदाजपत्रक दोन कोटींचं होतं. आपण १२ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी, गेलो आणि काम मिळालं. पेढे वाटून झाल्यावर तक्ता पाहिला तर दुसऱ्या क्रमांकाचा दर ३ टक्के बिलो. म्हणजे आपण १ कोटी ७६ लाखांत काम घेतलं आणि पुढचा माणूस १ कोटी ९४ लाखांवर होता. मधले १८ लाख आपण कुणीही न मागता सोडले. इतका फरक पडतो तेव्हा बहुतेक वेळा एखादी बाब दरात धरायची राहिलेली असते: वाहतूक, वाळू-मुरुमाची सरकारला द्यायची रॉयल्टी, पाणी, काम संपल्यावर दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून देण्याचा दोषदायित्व काळ. काम सुरू व्हायच्या आधी ती सापडली तर निदान रोख प्रवाहाचं नियोजन करता येतं. जिंकलेल्या कामात ग्राहकाला विचारावं की आम्हाला निवडताना शंका कशाची वाटली होती. ती शंका म्हणजे काम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात ज्यावर त्यांची नजर राहणार ती जागा.

चार माणसांच्या कंपनीला एवढ्या बैठका परवडत नाहीत, हे खरं आहे. त्यांनी पहिली बैठक अर्ध्या तासाची करावी आणि प्रत्येक निविदेमागे एकच पान ठेवावं. त्यावर आपले अंदाज, प्रत्यक्ष गुण आणि दर, ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे, आणि बदलायची एकच गोष्ट, तिच्यापुढे ती बदलणाऱ्याचं नाव. हे पान मागच्या फाइलला लावू नये, तिथे ते कुणी वाचत नाही. ते पुढच्या निविदेच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावावं. नवी निविदा भरायची की सोडायची हे ठरवताना मागची पाच पानं टेबलावर घ्यावीत. एकाच निकषावर तिसऱ्यांदा गुण गेलेले दिसले, समजा त्या क्षेत्रातलं पूर्ण झालेलं काम आपल्याकडे नाही म्हणून, तर ही निविदा सोडून द्यावी आणि तो महिना त्या क्षेत्रातलं एखादं छोटं काम उपकंत्राटात मिळवण्यासाठी वापरावा.